‘मस्तीखोर’ म्हणण्याआधी : मुलांमधला आणि मोठ्यांमधला एडीएचडी

या पानावर आपण टीबी, रक्तक्षय, मधुमेह, रक्तदाब यांवर बोललो आहोत. हे आजार मोजता येतात. थुंकी तपासता येते, हिमोग्लोबिन काढता येतं, दंडाला पट्टा बांधून बीपी पाहता येतो. आज ज्या त्रासाबद्दल लिहीत आहोत, त्याची रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही आणि डोक्याचा फोटो काढूनही त्याचं निदान होत नाही. तो वागण्यातून दिसतो. आणि वागण्याचा विषय निघाला की आपल्याकडे शेजारणीपासून मास्तरांपर्यंत सगळेच डॉक्टर असतात. “लाडावलाय”, “बापावर गेलाय”, “दोन ठेवून दिल्या की सरळ होईल”, “कुणाची तरी नजर लागलीय.”

या त्रासाचं नाव एडीएचडी. ‘अटेंशन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. मराठीत सांगायचं तर लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. दवाखान्यात मात्र एडीएचडी हाच शब्द कानावर पडेल, म्हणून इथेही तोच वापरू. जगभरच्या अभ्यासांवरून असं दिसतं की, शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल असं असणारच.

हा मोबाईलने आणलेला नवा आजारही नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली डॉक्टरांपुढे व्याख्यानं देऊन अशा मुलांचं वर्णन केलं होतं. तेव्हा मोबाईल सोडा, टीव्हीसुद्धा नव्हता.

मेंदूत नेमकं काय होतं? आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला सांगत असतो : थांब, आधी हे संपव, मग ते घे, बोलण्याआधी ऐकून घे. एडीएचडी असलेल्या मुलात या भागाचं काम हळू पक्कं होतं आणि डोपामिनसारखी जी रसायनं निरोप पोचवतात, त्यांचं गणित वेगळं असतं. गाडी चांगली आहे, इंजिन चांगलं आहे, ब्रेक मात्र उशिरा लागतो. मुलाला नियम माहीत असतो. विचारलं तर तो घडाघडा सांगेलही. ऐन वेळी तो नियम त्याच्या हातात येत नाही, एवढंच. बुद्धीचा आणि याचा संबंध नाही. अतिशय हुशार मुलालाही हा त्रास असू शकतो.

इथे आया हमखास एक प्रश्न विचारतात : “मोबाईल घेऊन दोन तास हलत नाही, मग अभ्यासालाच कसं लक्ष लागत नाही? नाटक करतो का?” नाटक नाही. मोबाईलवर क्षणाक्षणाला नवीन काहीतरी घडतं, लगेच बक्षीस मिळतं. पाढे पाठ करताना असं काही मिळत नाही. या मुलांकडे लक्ष कमी असतं असं नाही. ते हवं तिथे लावणं आणि नको तिथून काढणं त्यांना जमत नाही.

लक्षणं घरात कशी दिसतात

पुस्तकातली यादी बाजूला ठेवू आणि आपल्या गल्लीत बघू. दुकानातून साखर आणायला पाठवलेलं मूल पैसे मुठीत धरून वाटेत कॅरमचा डाव बघत उभं राहतं. तीन वस्तू सांगितल्या तर एक आणतं. नळाखाली हंडा लावायला सांगितला तर हंडा भरून वाहतो आणि हे कुंपणावरच्या सरड्यामागे गेलेलं असतं. आठवड्याला एक पेन्सिल, महिन्याला डब्याचं एक झाकण आणि पावसाळ्यात छत्री हरवते. फळ्यावरचं अर्धंच वहीत उतरलेलं असतं. गणित येत असतं, पण बेरजेचं चिन्ह वजाबाकीचं समजून उत्तर चुकतं. प्रश्नपत्रिकेचं मागचं पान उलटायचंच राहून जातं. आपण बोलत असतो, ते आपल्याकडे बघतही असतं, पण शब्द आत जात नाहीत. ही झाली लक्ष न टिकण्याची बाजू.

दुसरी बाजू सगळ्यांना दिसते. जेवताना तीनदा उठणं. बाकावर बसल्या बसल्या पाय हलवणं, बाकाखाली शिरणं. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडणं. रांगेत किंवा खेळात आपला डाव येईपर्यंत धीर नसणं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालणं. आणि रस्ता न बघता सुटणं. आमच्यासारख्या, ज्यांनी अपघात विभागात रात्रपाळ्या काढल्या आहेत त्यांना माहीत आहे : हात मोडून, भाजून, टाके घालायला पुन्हा पुन्हा येणारी काही मुलं ठरलेली असतात. हायवेला किंवा रेल्वे रुळाला लागून असलेल्या वस्तीत हा नुसता शिस्तीचा प्रश्न राहत नाही.

काही मुलांत पहिली बाजू जास्त असते, काहींत दुसरी, तर पुष्कळांत दोन्ही.

आता तुम्ही म्हणाल, ही तर सगळ्याच पोरांची लक्षणं झाली. अगदी बरोबर, आणि म्हणूनच डॉक्टर नुसतं लक्षण बघत नाहीत. दोन्ही बाजूंच्या नऊ-नऊ लक्षणांची यादी असते. त्यातल्या एका बाजूची निदान सहा लक्षणं असावी लागतात, सतरा वर्षांपुढच्या माणसात पाच. ती सहा महिने तरी टिकलेली हवीत. बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत. एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. म्हणजे घरीही आणि शाळेतही, किंवा शाळेत आणि शिकवणीत. त्या वयाच्या इतर मुलांपेक्षा ठळकपणे जास्त हवीत. आणि त्यापायी मुलाचं खरोखर नुकसान होत असलं पाहिजे : अभ्यास मागे पडतोय, मित्र टिकत नाहीत, मार बसतोय, अपघात होतायत. घरी उड्या मारणारं पण शाळेत नीट बसणारं मूल बहुधा नुसतं खोडकर असतं. उलट फक्त शाळेतच बिघडणाऱ्या मुलाची शाळा आधी तपासावी.

वस्तीत हे निदान चुकतं कसं

दोन्हीकडून चुकतं. एक तर जे नाही ते चिकटवलं जातं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, एक टीव्ही, रात्री बारापर्यंत बाहेर डीजे आणि पहाटे पाचला पाण्याची पाळी. अशा घरातलं मूल वर्गात जांभया देईल, चिडचिड करेल, त्याचं लक्ष लागणार नाही. त्याला झोप हवी आहे. सकाळी चहा-खारीवर शाळेत गेलेलं मूल अकरा वाजता फळ्याकडे बघूच शकत नाही. रक्तक्षय असेल तर मूल मलूल आणि अस्थिर होतं. कान वाहत असेल तर त्याला अर्धं ऐकूच येत नाही आणि आपण म्हणतो लक्ष देत नाही. चष्म्याचा नंबर असेल तर फळा धूसर दिसतो. टॉन्सिल वाढलेले असतील, मूल रात्री तोंड उघडं ठेवून घोरत असेल, तर त्याची झोप तुटक होते आणि दिवसा ते तुरुतुरु पळतं. जुन्या बॅटऱ्या फोडायचं, शिसं वितळवायचं काम जवळपास चालत असेल तर त्या शिशाचाही मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. डॉक्टरांना हे न विचारता सांगा. घरात दारू आणि मारहाण असेल तर भेदरलेल्या मुलाचं मन वर्गात नसतं, ते दाराकडे असतं. मूल दहा-पंधरा सेकंद टक लावून गोठतं, पापण्या फडफडतात आणि हाक मारली तरी भानावर येत नाही, तर ते फिटचं एक रूप असू शकतं. तिथे तपासणी वेगळी, औषध वेगळं. शिवाय मराठीत वाढलेलं मूल हौसेने इंग्रजी शाळेत घातलं आणि तिथे त्याला काडीचंही कळत नसेल, तर ते खिडकीबाहेर बघणार नाही तर काय करणार?

म्हणून एडीएचडीचा शिक्का कुणी पाच मिनिटांत मारत असेल तर मान्य करू नका. कान, डोळे, रक्त, झोप, घरची परिस्थिती, हे सगळं विचारल्याशिवाय हे निदान होत नाही.

दुसरी चूक उलट दिशेची, आणि आमच्या मते तिनेच आपलं जास्त नुकसान केलं आहे. ज्या मुलाला खरोखर एडीएचडी आहे, त्याच्याबद्दल सांगितलं जातं, “वस्तीतली मुलं अशीच असतात.” हेच वागणं सोसायटीतल्या मुलाचं असलं तर त्याच्या आईला समुपदेशकाचा पत्ता दिला जातो, आपल्या आईला मात्र दाखला न्यायला सांगतात. हा आजारापुरता भेद नाही, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. असं मूल शेवटच्या बाकावर जातं, तिथून वर्गाबाहेर जातं आणि एक दिवस शाळेबाहेर. चौदाव्या वर्षी ते गॅरेजवर किंवा नाक्यावर दिसतं आणि आपणही म्हणून मोकळे होतो, “त्याला शिकायचंच नव्हतं.” ज्या समाजाची शिक्षण हीच इस्टेट आहे, त्याला हे परवडणारं नाही.

शाळेत मार बसत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी आहे. मठ्ठ म्हणून वर्गात उभं करणं हासुद्धा मानसिक त्रासच. मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, पोच घ्या. भांडायला चारजण नेण्याआधी एकदा वर्गशिक्षकांशी शांतपणे बोलून बघा. पुष्कळ शिक्षकांना हा विषय कुणी समजावूनच सांगितलेला नसतो.

मुलींबद्दल थोडं वेगळं लिहिणं भाग आहे. निदान झालेल्यांत मुलगे जास्त दिसतात, त्याचं एक कारण असं की, मुलगा बाक वाजवतो म्हणून तो दिसतो. मुलींमध्ये बऱ्याचदा लक्ष न टिकण्याची बाजू जास्त असते. ती गप्प बसते, वहीच्या कोपऱ्यात फुलं काढते, कुणाला त्रास देत नाही. बाई लिहितात, ‘स्वभाव शांत, प्रगती साधारण.’ घरी दूध उतू जातं, भात करपतो, धाकट्याला शाळेतून आणायचं राहतं आणि तिला ‘वेंधळी’ नाव पडतं. तीही स्वतःला तेच म्हणू लागते. आठवी-नववीत गणित, विज्ञान वाढलं की ती मागे पडते, आणि मागे पडलेल्या मुलीसाठी आपल्याकडे एक उपाय तयारच असतो, तो म्हणजे स्थळ. मुलगी त्रास देत नाही याचा अर्थ तिला त्रास नाही असा होत नाही. तिची वही उघडून बघा, दप्तर बघा, एक धडा वाचायला किती वेळा पहिल्यापासून सुरुवात करते ते बघा.

आईची चूक नाही

कारण काय, हे विचारताना सासू सुनेकडे बघते, म्हणून स्पष्ट लिहितो. एडीएचडीत सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. तो बापाकडूनही येतो आणि आईकडूनही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळांत प्रमाण जास्त दिसतं. गरोदरपणात सिगारेट-विडी आणि दारूचाही संबंध आढळला आहे. (मिसरी तशीही गरोदरपणात नकोच, ते आम्ही सांगून थकलो.) गोड खाल्ल्याने, लाडाने, नोकरीवर जाणाऱ्या आईमुळे हा त्रास होत नाही. करणी-भानामतीने तर नाहीच. अंगारा, दोरा, लिंबू यात घालवलेली दोन वर्षं मुलाच्या शाळेची असतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ महागड्या सिरपचंही तेच.

वस्तीतल्या महिला मंडळात दर वेळी विचारलं जातं, आनापान शिकवलं तर मूल बरं होईल का? श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव चांगला, काही मुलांना त्याने शांत वाटतं. पण तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही. आणि एक विनंती : रविवारी विहारात वंदनेला ज्या मुलाला दहा मिनिटं मांडी घालून बसवत नाही, त्याच्यावर सगळ्यांदेखत डोळे वटारू नका. त्याला मेणबत्त्या लावायला द्या, सतरंज्या घालायला, खीर वाटायला द्या. मग बघा किती मनापासून काम करतो. चौदा एप्रिलच्या लेझीम पथकात हीच पोरं पुढे असतात.

उपचारात पहिला भाग आईवडिलांच्या शिकण्याचा आहे. सहा वर्षांखालच्या मुलात तर तोच आधी करायचा. एका वेळी एकच काम सांगा, तेही लांबून ओरडून नको; जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, डोळ्यांत बघून सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. दप्तराला एकच खिळा ठरवा. अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये एक हंडा पाणी आणायला पाठवलं तरी चालेल. चांगलं केलं की तिथल्या तिथे शाबासकी. रविवारी नेऊ म्हणून उपयोग नाही, या मुलांना रविवार फार लांब असतो. शाळेत त्याला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवायला सांगा. माराने मूल पाच मिनिटं थांबतं, पण त्याच्या मेंदूचा ब्रेक त्याने दुरुस्त होत नाही. उलट खोटं बोलायला मात्र ते शिकतं.

त्रास जास्त असेल तर औषध लागतं. मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही त्यातली दोन मुख्य नावं. ही झोपेची औषधं नाहीत आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, त्यांच्या देखरेखीखाली घेतली तर मुलाला त्यांचं व्यसन लागत नाही. मिथाइलफेनिडेट चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळू नये. भूक कमी होऊ शकते, झोप उशिरा येऊ शकते. म्हणून उंची, वजन, नाडी, बीपी ठरावीक दिवसांनी बघावं लागतं. घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल किंवा कुणी अचानक गेलं असेल, तर ते आधीच सांगा. ॲटोमॉक्सेटिनचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत बंद करू नका. शेजारच्या मुलाला ‘तुझं पण तसंच आहे’ म्हणून आपली गोळी देऊ नका.

मोठ्यांचं काय?

पुष्कळांचा त्रास वयाबरोबर कमी होतो, पण सगळ्यांचा जात नाही. मोठ्या माणसांत शंभरात दोन-तीन जणांना तो असतो असा अंदाज आहे, आणि बहुतेकांना त्याचं नाव माहीत नसतं. मोठेपणी पळापळ थांबते, पण आतली तडफड राहते. दोन वर्षांत चार नोकऱ्या सोडल्या. कामात पक्का, पण रोज उशिरा. बचत गटाचा हप्ता पैसे असूनही विसरला. रेशनकार्डचं काम सहा महिने उद्यावर. आधार कार्ड तिसऱ्यांदा काढलं. पगाराच्या दिवशी गरज नसलेली वस्तू हप्त्यावर घेतली. समोरच्याचं वाक्य तोडून बोलायचं, पटकन भडकायचं आणि तासाभराने विसरूनही जायचं. बाईक बेफाम चालवायची. तंबाखू, दारूकडे वळण्याचा धोकाही अशांत जास्त असतो. बाईमध्ये हाच त्रास वेगळा दिसतो. धुणं अर्धं, भाजी अर्धी चिरलेली, गॅस चालू राहिलेला आणि दिवसभर राबूनही संध्याकाळी घर तसंच. वर ऐकून घ्यायचं : “एवढंसुद्धा जमत नाही?” वर्षानुवर्षं असं ऐकलेल्या माणसाला उदासी आणि काळजीचा आजार जडतो, आणि डॉक्टरांसमोर तो आधी येतो.

एक खूण पक्की धरा. मोठ्या माणसातला एडीएचडी लहानपणापासून असतो. चाळिशीत अचानक विसरायला लागलं असेल तर थायरॉइड, झोप, साखर, रक्तक्षय, उदासी, पाळी जाण्याचा काळ, दारू, यांकडे आधी बघायला हवं.

मुलाला तपासायला आणलेला बाप कोपऱ्यात बसून पुटपुटतो, “मी पण असाच होतो, मला सातवीत काढलं शाळेतून.” असं वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं आहे. ते पुटपुटू नका, डॉक्टरांना मोठ्याने सांगा. त्याने मुलाचं निदान सोपं होतं, आणि तुमचंही होऊ शकतं. उपचाराला वय आड येत नाही.

कुठे जायचं? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा तपासणी पथक येतं. अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना पथकाची तारीख विचारून ठेवा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात पाठवतात. मोठ्या शहरांत मेडिकल कॉलेजच्या बालरोग किंवा मानसोपचार विभागात थेट जाता येतं. ‘मानसोपचार’ पाटी वाचून मागे फिरू नका. टेली-मानसचा १४४१६ हा फोन नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

दाखल्याबद्दलही लोक विचारतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. वाचन-लेखन-गणिताची अध्ययन-अक्षमता त्यात आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. पुष्कळ मुलांत हे दोन्ही एकत्र असतं, म्हणून अध्ययन-अक्षमतेचीही तपासणी करून घ्या. ती निघाली तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. ‘एडीएचडीचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला वाटेला लावा.

जाण्याआधी पंधरा दिवस एका जुन्या वहीत रोज दोन ओळी लिहा : काय झालं, कुठे झालं, किती वेळ. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीला सांगा. बरोबर जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, सगळ्या प्रगतिपुस्तकं, अर्धवट राहिलेल्या दोन वह्या आणि जमलं तर वर्गशिक्षकांच्या हातच्या चार ओळी घ्या. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही घ्या, नावं तोंडी लक्षात राहत नाहीत. ओपीडीत दुपार होते, तेव्हा चपाती-भाजीचा डबा असू द्या. आणि तासभर बाकावर बसून मुलाने धिंगाणा घातला तर ओशाळू नका. डॉक्टरांना तेही बघायचंच असतं.